अख्खी रेघ

पडद्यावरचा आलेख चढता चढता धाडकन खाली आला. वर्षिणीनं तिकडे पाहिलंही नाही. यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये धरलेल्या जेलच्या कडेवर तिनं भिंग रोखलं होतं.

प्रयोग मुळात प्राणेशचा. पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनांचे दोन धागे त्यानं निवडले होते. अ‍ॅक्टिन ताठ, पण जरा जास्त ताणलं की तुटणारं. व्हायमेंटिन मऊ, पण खूप ताणलं तरी टिकणारं. दोघांचं मिळून जेलसारखं जाळं केलं तर ते ताठही राहील आणि तुटणारही नाही, असं त्याचं म्हणणं. पण वरची चकती फिरवून ताण दिला की दर वेळी आलेख असाच कोसळायचा. जाळं तुटतंय, असं ठरवून सरांनी काम बंद केलं. पीएच.डी. अर्धी टाकून प्राणेश म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात लागला. तेव्हापासून प्रयोगशाळेत वर्षिणीशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. डबासुद्धा ती जिन्यात एकटीच बसून खायची.

आज रविवार. तिनं तेच जाळं पुन्हा लावलं होतं. फक्त कडेवर रंगीत कणांची एक उभी रेघ ओढली होती. जाळं तुटलं असतं, तर रेघही मधेच तुटली असती.

रेघ अख्खी होती. वरची चकती तेवढी जेलवरून घसरली होती.

तिनं फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर.

“प्राणेश, तुझं जाळं तुटत नव्हतं रे! चकती घसरत होती!”

“हौदा? खरंच?” तो भराभर बोलू लागला, पूर्वीसारखा. “चकतीला सँडपेपर चिकटव, बारीक. मग बघ कसं धरतंय. अय्यो, एवढं साधं सुचलं नाही मला!”

“सरांना तरी कुठं सुचलं! उद्याच दाखवते त्यांना. पेपरवर पहिलं नाव तुझं. ये ना परत.”

तिकडे कुणीतरी त्याला कन्नडमध्ये हाक मारली.

“नाव नको घालू, वर्षिणी,” तो अगदी हळू म्हणाला. “जास्त शिकलेल्यांना इथं घेत नाहीत. मी नुसता बी.एस्सी. आहे, असंच सांगितलंय इथं.”