दुसऱ्या कडव्यातली चूक

पासष्ट साली आम्ही चार शाळकरी पोरं माझ्या वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात रॉक वाजवायचो. मी गायचो, लंबू गिटार वाजवायचा, जाड्या ड्रम बडवायचा आणि धाकटा बेस सांभाळायचा. गल्ली वैतागायची, पण आमच्या गाण्यांवर नाचायचीही.

काल दुपारी जाड्याच्या लेकीनं आमची तेव्हाची एकुलती एक टेप दुरुस्त करून आणली. ती लागताच आम्ही चौघं म्हातारे गुडघे विसरून नाचायला लागलो. जाड्यानं पातेल्यावर ठेका धरला. त्याची बायको, आमच्या वहिनी, हसून हसून बेजार झाल्या.

दुसऱ्या कडव्यात गिटार घसरली.

"घातलास घोळ!" मी ओरडलो. "लंब्या, अख्ख्या गाण्याची वाट लावलीस!"

टेपमधलं गाणं मध्येच थांबलं. टेपमधली पोरं खिदळली. मग लंबूचा तेव्हाचा, नुकताच फुटलेला आवाज आला.

"सॉरी काका. परत वाजवू का?"

हे बोलणं त्या टेपवर कधीच नव्हतं. लंबू हळूच खुर्चीत टेकला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"हो म्हण की," तो कुजबुजला.

"वाजव रे पोरा," मी म्हणालो.

टेपमध्ये ड्रमच्या काड्या एकमेकींवर वाजल्या आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.