बालीची कॉफी

लग्नाला एकावन्न वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्या कपातला चहा कधी घेतला नाही. उष्टं चालत नाही.

गेल्या महिन्यात आमचा मुलगा मिहीर आम्हा दोघांना दोह्याहून बालीला घेऊन गेला. गाडीने फिरताना एका कॉफीच्या मळ्यात थांबलो. हे पिंजऱ्यातल्या उदमांजराशी मराठीत गप्पा मारत बसले, तेवढ्यात मळेवाल्याने मला आणि सुनेला, नुपूरला, कॉफी कशी करतात ते सांगितलं. ह्यांनी दोन कप घेतले. "अशी कॉफी जन्मात प्यायलो नव्हतो," म्हणाले. नुपूरने मला चिमटा काढला.

काल दोह्यात वर्ल्डकपसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावर आमची गाडी आदळली आणि ह्यांचा करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, सगळा सदऱ्यावर सांडला. पुढे गाड्यांची रांग हलेना. हे माझ्या कपाकडे बघायला लागले. मी कप पुढे केला.

"उष्टा आहे तो."

"बालीची कॉफी बरी चालली."

"तिचं काय?"

"ते उदमांजर कॉफीची फळं खातं. मग त्याच्या पोटातून ज्या बिया खाली पडतात, त्या धुऊन, भाजून ती कॉफी करतात."

ह्यांनी मान समोरच्या क्रेनकडे वळवली. स्टिअरिंगवर मिहीरचे खांदे हलत होते.

"घ्या," मी म्हटलं, "मी नुसता ओठ लावलाय."

ह्यांनी कप घेतला. परत आला तो रिकामाच.