डुगडुगतं टेबल

गावभरची टेबलं ठाकठीक करणाऱ्या सुताराच्या स्वतःच्या घरातलं टेबल वर्षभर डुगडुगत होतं. सकाळी पुन्हा चहा सांडला. बायकोने नुसतं फडकं फिरवलं; तेच त्याला लागलं. तो तिथेच बसला आणि आपण कामं उद्यावर का ढकलतो, हे त्याने अगदी प्रामाणिकपणे कागदभर लिहून काढलं.

संध्याकाळी बायकोने टेबल दाबून पाहिलं. जागचं हललं नाही.

"अगंबाई, केलंत एकदाचं!"

"मग! मी मनावर घेतलं ना, की झालंच म्हणून समज."

कौतुकाने ती खाली वाकली.



आखूड पायाखाली घड्या घालून तोच कागद सारलेला होता. वरच्या घडीवर ओळ दिसत होती: 'आजपासून टाळाटाळ बंद.'