नातं संपल्याचं पत्र

"दाजी, ताईबरोबर आपलं नातंही संपलं. एवढ्या पत्रावर सही करा."

अनुसयाच्या तेराव्याचं जेवण नुकतंच उरकलं होतं, आणि तिचा सख्खा भाऊ, बेटाचा आरोग्यमंत्री दौलत, राघोजीपुढे कागद धरून उभा होता. राघोजी बँकेत मंत्र्यांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या खात्यांवर नजर ठेवायचा. मंत्र्याच्या बहिणीचा नवराच तपासनीस, म्हणून पेपरवाले ओरडत होते.

"तिची राख अजून समुद्रात विरली नाही रे!" राघोजीचा आवाज चढला. जे डायलिसिस मशीन बंद पडून अनुसया गेली, ते दौलतच्या बायकोच्या कंपनीनंच इस्पितळाला विकलं होतं.

"चिडू नका. यात तुमच्या नोकरीचंही भलं आहे."

राघोजीनं पत्र दोनदा वाचलं आणि खसकन सही केली.

"शहाणे आहात," दौलत हसला.

"तुला आमच्या बँकेचा नियम ठाऊक नाही. एवढ्याशा बेटावर जो तो कुणाचा ना कुणाचा नातलग. म्हणून आपल्या नातलगाची फाइल आपण उघडायची नाही. सात वर्षं तुझी फाइल माझ्या शेजारच्या टेबलावर पडून आहे. तिथं बसणारा तुझ्या पक्षाचा माणूस, त्यानं ती कधी उघडलीच नाही."

दौलतनं झटकन पत्राकडे हात नेला. राघोजीनं ते घडी घालून खिशात ठेवलं.

"उद्या सकाळी पहिली तुझीच फाइल मागून घेतो. आणि यापुढे मला दाजी म्हणू नकोस."