देवी निजली तेव्हा

मी घंटेकडे हात नेला, तसा पुजाऱ्यांनी अडवला. "वाजवू नका ताई, देवी निजलीय."

सिंहासन खरंच रिकामं होतं. पलंगावर, नव्या कापसाच्या गादीवर, शेकडो वर्षांची काळीभोर मूर्ती शाल पांघरून आडवी होती. नवरात्राआधी दरवर्षी तिला अशी विश्रांती देतात. एवढी गर्दी, पण सगळे बाळाच्या खोलीतल्यासारखे दबक्या पावलांनी वावरत होते.

माझी तान्ही लेक रेवा कडेवर होती. जन्मल्यावर तिचा श्वास एकदा थांबला होता. आता धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी तेव्हापासून मी नीट झोपले नव्हते, तिला कुणाकडे देत नव्हते.

"देवी झोपल्यावर जगाकडे कोण बघतं हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"आपण आहोत की! तिचा भरवसा आहे आपल्यावर. तुझाच नाही."

मी पलंगाकडे पाहिलं, रेवाला त्यांच्या हातात दिलं आणि मंडपातल्या खांबाला टेकले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. रेवा सासूबाईंच्या मांडीवर पाय झाडत होती, आणि त्या येणाऱ्या बायकांना दटावत होत्या, "हळू बोला गं! आत देवी निजलीय, इथं आमची सून."