उशिरा आलेली निळी

केरबाच्या ढाबळीचा नेम कडक होता. शर्यतीला सोडलेलं कबूतर त्याच दिवशी परतलं, तरच त्याची जोडी लावायची. बाहेर रात्र काढलेल्याचं वाण वाढवायचं नाही. म्हणून तर सांगलीपर्यंत त्याच्या कबुतरांचं नाव होतं. वाईहून सोडलेली निळी मादी आज चार महिन्यांनी दुखरा पंख सावरत अंगणात उतरली. “हिचा आता रस्साच, गड्या,” शेजारचा दादासो हसला. केरबाच्या बायकोच्या हातातलं सूप थांबलं. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेल्या लेकाचं दोन वर्षांत पत्र नव्हतं. “आवं, कीर्तनात बुवा म्हणालं न्हाईत का, दारात आलेल्याला देव उशीर का झाला इचारत न्हाई.” केरबानं निळीला ओंजळीत घेतलं आणि ढाबळीतल्या सर्वांत चपळ नराच्या खणात सोडलं. “आजपास्नं दार रातचं बी उघडं ऱ्हाईल.” “मांजर शिरंल की रं,” दादासो म्हणाला. “मी बसतो दारात,” केरबा म्हणाला.