अडीच वर्षं

कॉलेजच्या फीच्या खिडकीतल्या बाईंनी हसून मान हलवली आणि एउसेबिओचा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणाल्या?" त्याने लेकीला विचारलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"देशात राहायचे कागद आहेत का, ते आम्ही विचारतच नाही म्हणाल्या," ओदिलिया म्हणाली. "कॅन्ससमध्ये हायस्कूल केलंय ना, मग इथल्या मुलांचीच फी."

कागद मागतील या धास्तीने तो यायलाच तयार नव्हता. तिने अक्षरशः ओढून आणलं होतं. बाहेरच्यांची फी तिप्पट. ती भरायची तर स्वतःला विकूनही पुरलं नसतं. इथल्यांची मात्र तो आणि बायको मिळून ओढूनताणून भरणार होते. ओदिलिया नर्स होणार होती.

एउसेबिओ गावाबाहेरच्या कत्तलखान्यात मांस कापायचा. साखळीला टांगलेली गुरं एकामागून एक समोर येत, आणि सुरी जरा थांबली की मुकादम डोक्यावर. ग्वातेमाला सोडल्यापासून त्याच्या तोंडात एकच शब्द बसला होता: लवकर. जेवायला बसलं की लवकर, दप्तर उचललं की लवकर. सकाळी त्याची बोटं उघडत नसत. ओदिलिया ती गरम पाण्यात धरून एकेक करून सोडवायची. हायस्कुलात पाय ठेवला त्या दिवशी ती म्हणाली होती, "तुमचे हात शाबूत आहेत तोवर मी कमावती होते, पापा."

बोलल्यासारखं केलं पोरीने. सुट्टीत वर्ग, संध्याकाळी वर्ग. चार वर्षांचं हायस्कूल तिने अडीच वर्षांत उरकलं. एउसेबिओने कामावर ज्याला त्याला पकडून सांगितलं होतं. धाकट्या विल्मेरला तर तो ऊठसूट ऐकवायचा, "बहिणीकडे बघ जरा. तू काय गोगलगायीच्या पोटी आलास?"

"ते तुम्हालाच माहीत, पापा," विल्मेर म्हणायचा. तो गणितात नापास झाला होता.

खिडकीतल्या बाई आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीतरी वाचत होत्या. त्यांचं हसू गेलं. त्या हळू आवाजात काही बोलल्या. ओदिलियाने काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं.

"सांग ना काय ते."

"तीन वर्षं लागतात, पापा."

"कसली तीन वर्षं?"

"इथल्या हायस्कुलात काढलेली. कायद्यात तसं आहे. माझी अडीचच झाली."

"मग राहिलेलं अर्धं काढ. जा परत शाळेत."

"पास होऊन बाहेर पडलेल्या मुलीला शाळा परत घेत नाही. विचारलं मी."

"त्यांना सांग, तू हुशार आहेस म्हणून लवकर झालं. सांग त्यांना."

ओदिलियाने सांगितलं. बाईंना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

परतताना गाडी कत्तलखान्यावरून गेली. काचा बंद करूनही वास आत आला.

"तिथे साफसफाईला माणसं घेतात ना अजून?" ओदिलियाने बाहेर बघत विचारलं.

एउसेबिओच्या मनात आलं, हिला तिथं जायला लागू नये म्हणून सगळा आटापिटा, आणि हिला हाकत हाकत तिथवर आपणच आणलं.

घरी बायकोने काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या तोर्तिया वाढल्या. बातमी विल्मेरच्या कानावर गेली होती. तो ताटात बघत म्हणाला, "पापा, सर म्हणाले, सुट्टीतल्या वर्गाला बसलो तर गणित सुटेल. मग मी पण लवकर मोकळा होईन. तुम्ही म्हणता तसा. यापुढे कधी नापास होणार नाही."

एउसेबिओ तोर्तियाचा तुकडा तोडायला गेला, पण बोटं उघडेनात. ओदिलियाने सवयीने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"नको रे," तो विल्मेरला म्हणाला. "सावकाश शीक, बाळा. नापास झालास तरी चालेल."